खिडकीत सजवलेला मराठी मजकूर कसा रेखाटावा : पँगो आणि कैरोविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीटीके या खिडक्या-बटणे बनवण्याच्या लायब्ररीच्या खिडकीत पँगो आणि कैरो या दोन लायब्रऱ्यांच्या साह्याने मराठी मजकूर रेखाटताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विवेचन सी भाषेतील फंक्शनांना धरून आहे. मात्र पायथॉन किंवा रस्टमधून याच लायब्रऱ्या वापरणाऱ्यांनाही ते लागू पडते. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये त्यांतील शब्दांच्या मध्ये अधोरेषा येते.

पँगो, कैरो, हार्फबझ आणि फाँटकॉन्फिग यांपैकी कोण कोणते काम करते?

कैरो चित्र काढते. रेषा, वक्र, रंग आणि अक्षरांचे आकार पडद्यावर, प्रतिमेत किंवा पीडीएफमध्ये उमटवणे एवढेच तिचे काम असून, अमुक शब्दासाठी कोणते आकार निवडायचे हे तिला ठाऊक नसते. ते ठरवण्याची जबाबदारी पँगोची आहे. ती मजकुराचे लिपी, भाषा आणि फॉन्ट यांनुसार तुकडे करते, ओळी पाडते आणि परिच्छेदाची मांडणी करते. प्रत्येक तुकड्यातली जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्याचे काम ती हार्फबझकडे सोपवते, आणि कोणत्या फॉन्टमध्ये हवी ती अक्षरे आहेत हे लिनक्सवर फाँटकॉन्फिगला विचारते. 'पँगो' हे नाव ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा या दोन शब्दांवरून आले आहे, तर 'हार्फबझ' फारसीतून आले असून त्यात 'हर्फ' म्हणजे अक्षर. २०१९ सालच्या १.४४ या आवृत्तीपासून पँगो अक्षरजोडणीसाठी सर्व मंचांवर हार्फबझवरच विसंबते. याच आवृत्तीने जुन्या बिटमॅप आणि टाइप-१ फॉन्टचा आधार काढून टाकला, त्यामुळे एखादा फार जुना फॉन्ट एकाएकी दिसेनासा झाला असल्यास कारण बहुधा हेच असते.

कैरोमध्ये 'कैरो शो टेक्स्ट' हे सोपे फंक्शन असताना पँगोची गरज काय?

इंग्रजीतले एखादे लेबल त्या फंक्शनाने नीट उमटते, आणि म्हणूनच अनेकांची सुरुवात तेथून होते. कैरोच्या अधिकृत दस्तऐवजात मात्र या फंक्शनांच्या गटाला खेळण्यातली सोय म्हटले आहे, आणि खऱ्या कामासाठी ती वापरू नये असे बजावले आहे. हे फंक्शन प्रत्येक कोडपॉइंटसाठी, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेल्या प्रत्येक चिन्हासाठी, फॉन्टमधला एक आकार उचलते आणि तो आधीच्या आकाराच्या उजवीकडे ठेवते. लॅटिन लिपीचे एवढ्यावर भागते, देवनागरीचे नाही. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी साठवणीत क नंतर येते, पण दिसायला हवी क च्या आधी. 'सूर्य' या शब्दात र आणि हलन्ताचे चिन्ह य च्या आधी साठवलेले असते, पण रफार चढतो य च्या डोक्यावर. हे सारे ज्याला कळत नाही, तो 'विद्यार्थी' हा शब्द पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत आणि चुकीच्या बाजूला गेलेल्या वेलांटीसह काढतो.

माझे ठाम मत असे आहे की, ज्या प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर येण्याची थोडीशीही शक्यता आहे, त्यात हे फंक्शन पहिल्या दिवसापासूनच वापरू नये. नंतर बदलू म्हणून ठेवलेला कोड राहून जातो, आणि माणसाचे नाव प्रमाणपत्रावर मोडलेल्या अक्षरांत छापले जाते. ज्याचे ते नाव असते, त्याला ही तांत्रिक त्रुटी न वाटता अनादर वाटतो, आणि त्याचे वाटणे योग्यच आहे.

मजकूर रेखाटण्याची सर्वांत लहान पण योग्य रीत कोणती?

जीटीके ४ मध्ये रेखाटन-क्षेत्राला 'जीटीके ड्रॉइंग एरिया सेट ड्रॉ फंक' वापरून आपले रेखाटनाचे फंक्शन जोडावे. जीटीके ३ मध्ये हेच काम 'ड्रॉ' या सिग्नलाने होते. मजकुराचा लेआउट, म्हणजे मजकूर आणि त्याची मांडणी एकत्र ठेवणारी पँगोची वस्तू, 'जीटीके विजेट क्रिएट पँगो लेआउट' याने तयार करावा, कारण अशा लेआउटला विजेटचा (खिडकीतल्या त्या घटकाचा) फॉन्ट, भाषा आणि पडद्याचे रिझोल्यूशन आपोआप मिळते. त्यानंतर लेआउटला फॉन्टचे वर्णन द्यावे, उदाहरणार्थ 'नोटो सॅन्स देवनागरी बोल्ड १४'. मग कैरोत रंग ठरवावा, 'कैरो मूव्ह टू' ने बिंदू ठरवावा आणि 'पँगो कैरो शो लेआउट' ला हाक मारावी. वर्णनातला १४ हा आकडा पॉइंटमध्ये असतो. ९६ डीपीआयच्या (एका इंचात ९६ ठिपके) नेहमीच्या हिशोबाने १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल होतात. आकार थेट पिक्सेलमध्येच हवा असेल, तर फॉन्टवर्णनाला 'अ‍ॅब्सोल्यूट साइझ' द्यावा.

'शो टेक्स्ट' काढून 'शो लेआउट' वापरले, तर सगळा मजकूर खाली का सरकला?

दोन्ही फंक्शने दिलेल्या बिंदूचा अर्थ वेगवेगळा लावतात. कैरोचे जुने फंक्शन त्या बिंदूला अक्षरांची बैठक मानते, म्हणजे लॅटिन अक्षरे ज्या रेषेवर उभी राहतात ती रेषा. पँगो मात्र त्याच बिंदूला लेआउटचा वरचा-डावा कोपरा मानते. बैठकीनेच मांडणी करायची असल्यास 'पँगो लेआउट गेट बेसलाइन' जे अंतर देते, त्याचे पिक्सेल करण्यासाठी १०२४ ने भागून ते आपल्या उभ्या स्थानातून वजा करावे.

रुंदी ३०० दिली, तर प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर का येतो? आणि मध्यभागी आणण्याची आज्ञा का चालत नाही?

पँगो लांबी मोजते ती स्वतःच्या एककात, आणि एका पिक्सेलमध्ये अशी १०२४ एकके असतात. त्यामुळे ३०० म्हणजे एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रुंदी झाली. ३०० गुणिले 'पँगो स्केल' (म्हणजे १०२४) असे लिहावे. रुंदी उणे १ ठेवली, तर ओळी आपोआप पडतच नाहीत. दुसऱ्या तक्रारीचे मूळही येथेच आहे, कारण रुंदी ठरवल्याशिवाय एकट्या ओळीला कशाच्या मध्ये आणायचे हे पँगोला कळू शकत नाही.

उभ्या दिशेने मध्यभागी आणायचे असेल, तर 'गेट पिक्सेल एक्स्टेंट्स' कडून येणाऱ्या दोन चौकटींतला फरक ओळखावा. शाईची चौकट प्रत्यक्ष उमटलेल्या ठिपक्यांपुरती असते, म्हणून 'मन' आणि 'मैत्री' या शब्दांसाठी ती वेगळी येते. तार्किक चौकटीत फॉन्टने राखलेली वरची-खालची जागाही धरलेली असते. बटणांच्या रांगेत सर्व शब्द एका पातळीवर हवे असतील, तर तार्किक चौकटच घ्यावी. शाईची चौकट घेतल्यास ज्या शब्दावर मात्रा आहे तो खाली उतरलेला दिसतो आणि शिरोरेषा एका ओळीत राहत नाहीत.

एकाच वाक्यात ठळक, रंगीत आणि लहान-मोठा मजकूर कसा आणावा?

सोपा मार्ग म्हणजे 'पँगो लेआउट सेट मार्कअप'. यात एचटीएमएलसारख्या कोनी कंसांतल्या खुणा असतात. ठळक, तिरपा, अधोरेखित, खोडलेला, वरचढ आणि खालचढ यांसाठी छोट्या खुणा आहेत, आणि फॉन्ट, रंग, आकार, भाषा अशा बाकी सर्व गोष्टींसाठी 'स्पॅन' ही एकच खूण आहे. ती एचटीएमएल मात्र नव्हे, त्यामुळे परिच्छेदाच्या किंवा ओळ तोडण्याच्या खुणा तिच्यात नाहीत. ओळ तोडण्यासाठी साधे नवओळ-चिन्ह द्यावे.

या मार्गात एक धोका आहे. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर मार्कअपमध्ये जसाच्या तसा मिसळला आणि त्यात 'पाटील & सन्स' असे काही आले, तर ते एक चिन्ह संपूर्ण मार्कअप अवैध ठरवते, टर्मिनलवर इशारा उमटतो आणि मजकूर लेआउटमध्ये येतच नाही. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक शब्द आधी 'जी मार्कअप एस्केप टेक्स्ट' मधून काढावा. चूक पकडून हाताळायची असेल, तर 'पँगो पार्स मार्कअप' वापरावे, कारण ते त्रुटी परत देते.

मार्कअपऐवजी गुणधर्मांची यादी वापरली, तर रंग चुकीच्या अक्षरांना का लागतो?

अशा यादीत रंग, वजन यांसारखा प्रत्येक गुणधर्म मजकुराच्या कोठून कोठपर्यंत लावायचा ते आकड्यांनी सांगावे लागते, आणि आरंभ व शेवटाचे हे निर्देशांक बाइटमध्ये मोजले जातात. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतो. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचणाऱ्याला ४ अक्षरांचा वाटतो. त्यात कोडपॉइंट १० आहेत, आणि बाइट ३०. इंग्रजीत हे तिन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर तपासलेला कोड मराठीत चुकतो, आणि चूक कोठे आहे ते लवकर उमगत नाही. पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष सांभाळावे, कारण तेथील स्ट्रिंगची लांबी कोडपॉइंटमध्ये मिळते आणि पँगोला लागते बाइटमध्ये.

ल आणि श हिंदी वळणाचे का दिसतात?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात मजकूर शुद्ध असतो, फॉन्ट चांगला असतो, आणि तरीही पान मराठी वाटत नाही. मराठीतला पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श हे हिंदीत रूढ असलेल्या आकारांहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानेही मराठी वळणेच प्रमाण ठरवली. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा कोडपॉइंट एकच आहे. आकारातला भेद फॉन्टमध्ये भाषेनुसार पर्यायी अक्षरे ठेवून साधला जातो, आणि हा मजकूर मराठी आहे असे कोणी सांगितले, तरच हार्फबझ तो पर्याय निवडते.

आपण भाषा सांगितली नाही, तर पँगो ती प्रणालीच्या भाषेवरून घेते. प्रणाली इंग्रजीत असेल, तर ती भाषा देवनागरीशी जुळत नाही, म्हणून पँगो देवनागरीची नमुना-भाषा धरते, आणि ती हिंदी आहे. इंग्रजीत संगणक वापरणाऱ्या मराठी माणसाला हिंदी वळणे दिसतात ती अशी. उपाय एका ओळीचा आहे. 'पँगो काँटेक्स्ट सेट लँग्वेज' ला मराठीची दोन अक्षरी संज्ञा 'एमआर' द्यावी, किंवा मिश्र मजकुरात 'स्पॅन' च्या खुणेत 'लँग' हा गुणधर्म घालावा. इतके करूनही आकार बदलला नाही, तर त्या फॉन्टमध्ये मराठीचे पर्याय नाहीत असे समजावे आणि फॉन्ट बदलावा.

'दऱ्या' च्या जागी 'दर्या' का उमटतो? 'अ' वरच्या अर्धचंद्राजवळ ठिपक्यांचे वर्तुळ का येते?

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, त्यामुळे येथे चूक थेट अर्थाला भिडते. साधा र, हलन्त आणि य ही मालिका नेहमी रफार देते. डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हवा असेल, तर मजकुरात नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर असायला हवे. जुन्या मजकुरात त्याऐवजी र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे, स्वतः न दिसणारे चिन्ह) अशी मालिकाही सापडते. म्हणजे हा दोष रेखाटनाचा नसून साठवणीचा असतो, आणि बहुधा मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या एखाद्या कोडने अदृश्य जोडक पुसून टाकलेला असतो. मराठी मजकुरातली अदृश्य चिन्हे सरसकट पुसू नयेत.

ॲ ची गोष्ट अशीच आहे. त्याला स्वतंत्र कोडपॉइंट मिळाला तो २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण अ लिहून त्यापुढे अर्धचंद्र देतात. युनिकोडमध्ये ही जोडी अमान्य धरली आहे, आणि हार्फबझच्या अलीकडच्या आवृत्त्या त्या दोघांच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालून ते दाखवून देतात. मध्ये शून्य रुंदीचा जोडक असल्यास वर्तुळ येत नाही, पण मग शोध घेताना दोन सारखे दिसणारे शब्द वेगळे ठरतात. मजकूर आत घेतानाच या जोड्या ॲ मध्ये बदलून घेणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

बाराखडी शिकवण्याच्या ॲपमध्ये फक्त वेलांटी किंवा मात्रा वेगळ्या रंगात कशी दाखवावी?

मुलांसाठी काम करणारे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि सरळ उत्तर असे की गुणधर्मांनी हे होत नाही. रंगासारखा गुणधर्म एखाद्या अक्षरसमूहाच्या मध्येच सुरू झाला, तर पँगो तो संपूर्ण समूहाला लावते. वजन किंवा फॉन्ट मध्येच बदलला, तर परिणाम अधिक वाईट होतो, कारण मजकुराचे तेथे दोन तुकडे पडतात, ते वेगवेगळे जोडले जातात आणि एकट्या पडलेल्या मात्रेला ठिपक्यांच्या वर्तुळाचा आधार दिला जातो.

चालणारा मार्ग असा आहे. 'कि' हे अक्षर एका रंगात पूर्ण रेखाटावे. मग वेलांटीचा भाग व्यापणारा आयत कैरोच्या 'क्लिप' ने आखून तेच अक्षर त्याच जागी दुसऱ्या रंगात पुन्हा रेखाटावे. आयताची मापे प्रत्येक फॉन्टसाठी डोळ्यांनी पाहून ठरवावी लागतात, हे खरे. पण बाराखडीची अक्षरे मोजकी आहेत, आणि मूल जे पाहून अक्षर गिरवणार आहे ते नेटके दिसावे यासाठी एवढे श्रम घेणे योग्यच आहे.

तिरपी अक्षरे, अक्षरांमधले अंतर आणि अधोरेखन देवनागरीत वापरावे का?

तिरपी देवनागरी ही बहुतेक वेळा सरळ अक्षरे यंत्राने कलती करून बनवलेली असते, आणि देवनागरीच्या लेखनपरंपरेत तिला लॅटिन लिपीसारखे स्थान नाही. जोर द्यायचा तर ठळक अक्षरे घ्यावीत. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा गुणधर्म वापरूच नये. शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे तुकडे दिसू लागतात. अधोरेषा उकार आणि रुकार यांना छेदून जाते, म्हणून अधोरेखनाऐवजी 'स्पॅन' च्या खुणेत पार्श्वभूमीचा फिका रंग देणे अधिक वाचनीय ठरते.

ओळींवरच्या मात्रा कापल्या का जातात, आणि ओळींची उंची कमी-जास्त का होते?

मात्रा कापली जाते ती बहुधा आपणच ठरवलेल्या उंचीमुळे. इंग्रजी मजकुराला पुरेल अशी २० पिक्सेलची पट्टी 'र्कीं' सारख्या अक्षरासाठी अपुरी पडते, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र येतात. उंची हाताने न लिहिता लेआउटलाच विचारावी. ओळींची उंची बदलते, कारण इंग्रजी शब्द एका फॉन्टमधून आणि मराठी शब्द दुसऱ्या फॉन्टमधून येतात, आणि दोन्ही फॉन्ट मिळून जी सर्वांत जास्त जागा मागतात ती त्या ओळीला मिळते. पँगो १.५० पासून ओळीची उंची हा स्वतंत्र गुणधर्म आहे आणि ती ठरावीक मापाचीही देता येते. परिच्छेद सारखा दिसावा यासाठी ती देवनागरीच्या गरजेनुसार ठरवावी. दोन्ही लिप्या असलेला एकच फॉन्ट घेतल्यासही हा प्रश्न बराच सौम्य होतो.

अक्षरांऐवजी चौकोन का दिसतात?

अंक लिहिलेली चौकट दिसली, तर ती पँगोने दिलेली मदतच आहे. कोणत्याही उपलब्ध फॉन्टमध्ये न सापडलेल्या अक्षराचा षोडशमान क्रमांक त्या चौकटीत असतो; ०९७२ दिसले तर तो ॲ होय. सर्वच संगणकांवर तोच फॉन्ट असेल असे गृहीत धरू नये. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी असतो, लिनक्सवर बहुधा नोटो किंवा लोहित असतो. दिसणे महत्त्वाचे असेल, तर मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच द्यावा.

चौकोन नसून इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसत असेल, तर तो मजकूर शिवाजी, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टच्या संकेतांत टाइप केलेला असतो. मराठी छपाईतला बराच जुना साठा अजून त्याच रूपात आहे. तो फॉन्ट बसवून तात्पुरते दिसेल, पण ओळी पाडणे, शोधणे किंवा भाषा सांगणे यांपैकी काहीच चालणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि मगच रेखाटावे.

माउसने टिचकी मारली तेथले अक्षर कसे ओळखावे?

'पँगो लेआउट एक्स वाय टू इंडेक्स' बिंदूवरून बाइट-निर्देशांक देते, आणि उलट दिशेने 'इंडेक्स टू पॉस' आहे. कर्सर कोठे थांबू शकतो हे स्वतः मोजू नये. पँगो प्रत्येक कोडपॉइंटसाठी तशी नोंद ठेवते, त्यामुळे कर्सर 'क' आणि त्याच्या वेलांटीच्या मध्ये अडकत नाही. मागे खोडण्याच्या कळीसाठी वेगळी नोंद असते, कारण चुकलेली वेलांटी दुरुस्त करताना सगळे अक्षर जाऊ नये अशीच टाइप करणाऱ्याची अपेक्षा असते.

मजकूर बराच असला की खिडकी अडखळते. काय करावे?

बहुतेक वेळा लेआउट प्रत्येक रेखाटनाच्या वेळी नव्याने बांधला जात असतो. अक्षरजोडणी आणि ओळी पाडणे हेच खर्चाचे काम आहे, आणि पँगो त्याचा निकाल लेआउटमध्ये जपून ठेवते. म्हणून लेआउट एकदाच बांधावा, मजकूर किंवा रुंदी बदलली तरच त्याला हात लावावा आणि रेखाटनाच्या फंक्शनात तो फक्त दाखवावा. फार मोठा मजकूर असल्यास प्रत्येक परिच्छेदाचा स्वतंत्र लेआउट करून दिसत असलेलेच रेखाटावेत. परिच्छेदाच्या आत मात्र मजकूर शब्दाशब्दाने तोडून स्वतः मांडू नये.

पीडीएफमध्ये अक्षरे पडद्यापेक्षा मोठी का येतात?

कैरोच्या पीडीएफ पृष्ठभागाचे एकक पॉइंट आहे, म्हणजे एका इंचात ७२. पँगो मात्र ९६ चा हिशोब धरून चालते. त्यामुळे १२ पॉइंटचा फॉन्ट १६ पॉइंटचा होतो. 'पँगो कैरो काँटेक्स्ट सेट रिझोल्यूशन' ने ७२ ठरवावे. पडद्यासाठी बांधलेला लेआउट कागदासाठी वापरल्यास ओळी वेगळ्या ठिकाणी तुटू शकतात, म्हणून छपाईचा लेआउट वेगळा बांधावा आणि त्यालाही मराठी भाषा सांगायला विसरू नये.